दोन बोटं सैल

माझ्या बायकोला समुद्राच्या तळाशी जायचं आहे, असं मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातल्या बहुतेकांनी आवाज खाली आणून विचारलं, "का? घरात काही झालं का?"

घरात काहीही झालेलं नव्हतं. गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरांनी हिला पोहायला सांगितलं. ही नगरपालिकेच्या तलावावर जायला लागली, आणि गुडघा राहिला बाजूला, हिला पाण्याचंच वेड लागलं. पन्नाशी उलटली की माणसं साखर कमी करतात, मीठ कमी करतात, काही काही समंजस माणसं बोलणंही कमी करतात. हिनं पाठीला हवेची टाकी बांधून घेतली. बंदराच्या रस्त्यावर डायव्हिंगच्या सामानाचं एक दुकान आहे, तिथल्या एक मॅडम हे शिक्षण देतात. ही त्यांच्या वर्गात सगळ्यांत वयस्कर, सगळ्यांत बुटकी आणि, हे मॅडमनीच मला सांगितलं, सगळ्यांत कमी घाबरणारी.

मला याचा अभिमान होता आणि तो मी लपवून ठेवला नाही. मी पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या खिडकीवर प्रमुख आहे. नळाला पाणी नाही म्हणून तावातावानं आलेल्या माणसालाही मी आधी सांगायचो की आमच्या घरात पाण्याखाली श्वास घेणारं माणूस आहे. त्याला या माहितीचा काही उपयोग नसायचा, पण तो क्षणभर गोंधळायचा आणि त्याचा आवाज एक पट्टी खाली यायचा.

तर गेल्या हंगामाच्या सुरुवातीला हिची शेवटची परीक्षा होती. खऱ्या समुद्रात, बोटीवरून बुडी. तिथं ही नापास झाली, आणि त्यात हिचा काडीचाही दोष नव्हता. दोष होता सूटाचा. पाण्याखाली घालायचा तो काळा रबरी सूट अंगाला चिकटून बसला तरच ऊब धरतो. सैल असला तर आत गार पाणी खेळत राहतं. दुकानातले भाड्याचे सूट धिप्पाड माणसांसाठी केलेले, आणि ही त्यात शिरली की सूट उभा आहे आणि आत कुणीतरी हरवलंय असं दिसायचं. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून सगळं ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करून दाखवायचा असतो. हिनं गोल केला, पण हात थंडीनं असा काही लटलटत होता की हे 'ठीक आहे' आहे की 'वाचवा' आहे हे मॅडमना कळेना. त्यांनी हिला वर आणलं.

त्या दिवशी घरी येऊन हिनं घासलेलीच भांडी पुन्हा घासली. मग म्हणाली, "माझं एवढं एक राहिलंय."

सगळ्यांचं सगळं मार्गी लावण्यात हिचं आयुष्य गेलं. माझ्या बढतीच्या परीक्षा, मुलीचं शिक्षण, सासऱ्यांचं आजारपण, माझी दाढदुखी. 'माझं राहिलंय' हे शब्द मी हिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. त्यात मॅडम त्याच हंगामानंतर गाव सोडून जाणार होत्या आणि त्यांच्याबरोबर तो वर्गही बंद होणार होता. म्हणजे यंदा झालं तर झालं, नाहीतर कायमचं राहिलं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "तुझ्या मापाचा सूट शिवून मागवू. सामानाचं सगळं माझ्यावर सोड."

ही माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, कौतुकानं.

खरं तर हिची मापं हिला पाठ होती. पण कुठलंही काम तज्ज्ञाकडून करून घ्यावं या मताचा मी आहे. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक लेडीज टेलर आहेत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मास्तरांनी गळ्यातली टेप काढून हिची मापं घेतली.

"मास्तर, घट्ट पाहिजे," ही म्हणाली. "अगदी कातडीसारखं."

"हो, हो," मास्तर म्हणाले.

"श्वासापुरतीसुद्धा जागा ठेवू नका."

"नाही ठेवत, वहिनी. तुम्ही हात खाली करा."

मास्तरांनी एका कपट्यावर आकडे लिहून दिले. तो कपटा खिशात घालून मी दुकानाच्या वाटेला लागलो, आणि वाटेत माझ्या मनात एक विचार आला. आता वाटतं, त्या दिवशी बस लवकर मिळाली असती तर तो आला नसता. विचार असा, की कुठलाही कपडा पहिल्या धुण्यात आटतो. हा तर रोज मिठाच्या पाण्यात जाणार. आमच्या लहानपणी शाळेचा गणवेश नेहमी पुढच्या वर्षीच्या अंगाचा घेतलेला असायचा. पँटच्या आत एवढी दुमड असायची की तिच्यात अजून एक पँट निघाली असती. 'थोडं सैल असलेलं बरं, घट्ट झालं तर काय करणार?' हे वाक्य ऐकत मी मोठा झालो. बायको या वयात वाढणार नाही हे मला कळत होतं. पण हात ऐकेना. मी खिशातून पेन काढलं आणि प्रत्येक आकड्यात दोन दोन बोटं मिळवली. फार नाही, दोनच बोटं.

डायव्हिंगचं दुकान किल्ल्या बनवणारा आणि झेरॉक्सवाला यांच्या मधे दाबून बसवलेलं आहे. दर्शनी काचेत मास्क घातलेला एक पुतळा, आत मासे नसलेली माशांची टाकी, आणि गल्ल्यावर मालक. मालकाला सगळे कॅप्टन म्हणत. त्यानं स्कूटरपेक्षा मोठं काही चालवल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही, पण तो बोलताना डोळे बारीक करून रस्त्यापलीकडे बघायचा, त्यामुळे पलीकडची बेकरी हे क्षितिज असावं असं वाटायचं.

"परदेशातला कारखाना आहे, साहेब," तो म्हणाला. "मापावर शिवतात. थोडे दिवस धरा."

मी थोडे दिवस धरले. मग अजून थोडे धरले. मग कॅप्टनच्या दुकानात जाणं हा माझा नेमच झाला. ऑफिस सुटलं की मी बंदराच्या रस्त्याला लागायचो.

"माल निघालाय," कॅप्टन म्हणायचा.

पुढच्या वेळी, "निघणार आहे." त्याच्या पुढच्या वेळी, "निघाल्यासारखाच आहे." मग एकदा तो म्हणाला, "वरूनच आलेलं नाही, साहेब, मी तरी काय करणार? पुढच्या आठवड्यात एक चक्कर मारा." हे ऐकून मला कसंसंच झालं. कारण ही वाक्यं माझी होती. इतकी वर्षं खिडकीच्या आत बसून मीच ती लोकांना देत आलो होतो, त्याच सुरात, तशीच मान तिरकी करून. खिडकीच्या बाहेरून ती कशी ऐकू येतात हे मला ठाऊक नव्हतं. फारच लागतात.

इकडे इमारतीत प्रत्येकाला सूटाची काळजी लागली होती, कारण मी प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं. जिन्यात कुणीही भेटलं की पहिला प्रश्न, "आला का?" विम्यातून निवृत्त झालेले खालचे काका म्हणाले, "सूट येईल तेव्हा येईल, आधी मला सांगा, बुडणं हे पॉलिसीत अपघातात धरतात की हौसेत?" समोरच्या वहिनी लोकरीचा स्वेटर विणून द्यायला तयार होत्या. लोकर पाणी पिते असं मी सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग दोन विणते." काकांचं नंतर असं मत पडलं की मी दुकानात जाऊन फार गोड बोलतो, तिथं एकदा टेबलावर मूठ आपटायला हवी. मी आपटली. टेबल काचेचं होतं. काच फुटली नाही, पण मनगटाला क्रेप बँडेज बांधून मला आठवडाभर डाव्या हातानं सह्या कराव्या लागल्या, आणि बँकेनं त्यातली एकही सही माझी मानली नाही.

या सगळ्यात जिचा सूट होता तिनं मात्र एकदाही "आला का?" असं विचारलं नाही. ती रोज सकाळी तलावावर जायची. हवा गार व्हायला लागली तसे तलावावरचे लोक एकेक करून गळाले. शेवटी पाण्यात ही एकटी आणि काठावर मफलर गुंडाळलेला रखवालदार.

"अगं, सूट येऊ दे, मग कर सराव," मी पांघरुणातून म्हणायचो.

"तोवर बसून काय करू?" असं म्हणून ही पिशवी उचलायची.

नुसतं पोहायची नाही. शिडीची खालची पायरी धरून तळाशी बसायची. वर यायची, श्वास घ्यायची, पुन्हा जाऊन बसायची. पहिल्या पहिल्यांदा घरी यायची तेव्हा ओठ निळे असायचे आणि चहाचा कप बशीवर टकटक वाजायचा. पुढे पुढे कप वाजेनासा झाला. मला मात्र एवढंच जाणवलं की गीझरचं गरम पाणी हल्ली सगळं मलाच मिळतं. मी त्या काळात फार महत्त्वाच्या कामात होतो, सूटाच्या मागे.

असं चाललेलं असताना एके संध्याकाळी कॅप्टन मला बघून उठून उभा राहिला.

"बरं झालं आलात. कारखान्यातून पुन्हा फोन आला होता. त्यांनी मागेही केला होता, मला वाटलं जाहिरातीचा आहे. ते म्हणतात, ही मापं नक्की हीच का? म्हणून तर त्यांनी काम थांबवलंय."

"नक्की म्हणजे?"

"म्हणजे उंची आणि रुंदी जरा..." त्यानं दोन्ही हातांनी हवेत एक आकार काढला. तो मला आवडला नाही.

माणसाची सहनशक्ती संपते ती अशा जागी. एवढ्या खेपा, एवढी आश्वासनं, सुजलेलं मनगट, आणि आता परदेशात बसलेला कुणीतरी माझ्या बायकोच्या आकाराबद्दल शंका काढतो. "फोन लावा," मी म्हणालो. कॅप्टननं लावला. मी तो त्याच्या हातातून घेतला आणि ऑफिसात फक्त वरिष्ठांसाठी राखून ठेवलेल्या इंग्रजीत सांगितलं की आमच्या घरात मापं चुकत नाहीत, ती तज्ज्ञानं घेतलेली आहेत, मी स्वतः ती तपासलेली आहेत, आणि माझ्या जबाबदारीवर सूट ताबडतोब शिवून पाठवावा. पलीकडून एक बाई फार सौम्यपणे म्हणाली की आपली खात्री असेल तर ठीक आहे. मी म्हणालो, माझी पूर्ण खात्री आहे. कॅप्टन माझ्याकडे बघतच राहिला. दुकानातून बाहेर पडताना माझी छाती एवढी फुगली होती की दारातला पुतळा हलला.

यानंतर सूट खरोखरच आला. पण कॅप्टनच्या दुकानात नाही, कस्टमच्या गोदामात. हंगाम संपत आला होता. शेवटची बोट परवा सुटणार होती. मी रजा टाकली आणि सकाळीच गोदामावर पोचलो.

तिथे दोन खिडक्या होत्या, एक वस्त्रांची आणि एक रबरी मालाची. वस्त्रांच्या खिडकीवर सांगितलं, हे रबर आहे, पलीकडे जा. रबराच्या खिडकीवर सांगितलं, याला बाह्या आहेत, अलीकडे जा. मी या दोन खिडक्यांमधे इतक्या खेपा घातल्या की शेवटी दोन्हीकडचे कारकून मला ओळखीचं हसायला लागले. मग मला आतल्या साहेबांकडे पाठवलं. साहेब माझ्याच वयाचे, माझ्यासारखाच चष्मा, माझ्यासारखीच खुर्चीवर घडी घातलेली टॉवेलची गादी. मान तिरकी करून त्यांनी ऐकून घेतलं तेव्हा मी आशा सोडली, कारण त्या मानेपुढे काही चालत नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"वस्त्र आहे म्हणता?"

"हो."

"वस्त्र असेल तर ते अंगात घालता आलं पाहिजे."

"येतं ना."

"मग घाला."

मी म्हणालो, माझी सरकारी नोकरी आहे. ते म्हणाले, माझीही आहे. मी पुडकं घेऊन कपाटाच्या मागे गेलो.

रबरी सूट घालणं याला घालणं म्हणत नाहीत. त्यात स्वतःला थोडं थोडं करून भरावं लागतं. आधी एक पाय भरला, मग दुसरा, मग मी कपाटाला धरून उड्या मारल्या. कपाटावरून जुन्या फायलींचा एक गठ्ठा खाली आला. पण शेवटी मी आत गेलो, आणि काय सांगू, तो सूट मला असा बसला की आयुष्यात कुठलाही कपडा मला तसा बसलेला नाही. लग्नातला कोटसुद्धा काखेत काचत होता. इथं ना पोटाला ओढ, ना खांद्याला सुरकुती. मी कपाटामागून बाहेर आलो तो ताठ चालत आलो. साहेबांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, पाठीची चेन मानेपर्यंत वर ओढली आणि शिक्का उचलला.

"वस्त्र," ते म्हणाले.

मी जिंकलो होतो. माझ्या डोक्यात एवढा एकच विचार होता की काय शिवलाय, वा. वाचणाऱ्याच्या जे केव्हाच लक्षात आलं असेल ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. विजयाच्या भरात माणूस थोडा मंद होतो.

मग कपडे बदलायला कपाटामागे गेलो तर चेन खाली येईना. मी ओढली, साहेबांनी ओढली, दोन्ही खिडक्यांचे कारकून आले, प्रथमच एकत्र आले, आणि त्यांनीही ओढली. शेवटी साहेब म्हणाले की जेवणाची सुट्टी होतेय. मी शर्ट-पँट पिशवीत घातली आणि सूटासकट बसस्टॉपवर जाऊन उभा राहिलो.

बसमधल्या प्रवासाबद्दल मी फार सांगणार नाही. रबर बसायला वाकत नाही, त्यामुळे जागा असूनही मला उभं राहावं लागलं, आणि बस वळली की माझ्यातून दार उघडल्यासारखा आवाज यायचा. कंडक्टर तिकीट देताना म्हणाला, "पुढं पाणी भरलंय का?" मी म्हणालो, मी पाणीपुरवठा खात्यात आहे. त्यानं समजल्यासारखी मान हलवली आणि पुढच्या दोघांना ते सांगितलं.

इमारतीच्या दारात खालचे काका उभे होते.

"आला वाटतं," काका म्हणाले.

"आला," मी म्हणालो.

आवाज ऐकून मास्तर दुकानातून बाहेर आले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, धंद्यातल्या माणसाच्या नजरेनं. खांद्याची शिवण बघितली, कमरेचा घेर बघितला.

"वा. काय बसलाय," ते म्हणाले. "एका बोटाचा फरक नाही." मग त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला. "पण साहेब, हा वहिनींचा ना?"

माझ्या कानांत गरम वारं शिरल्यासारखं झालं. मी माझ्या पोटाकडे बघितलं. ते सूटात कसं छान मावलं होतं. आणि त्याच वेळी जिन्यावरून ही खाली आली, तलावाची ओली पिशवी वाळत घालायला.

ही दोन पायऱ्या वरच थांबली. मग खाली आली, माझ्याभोवती फिरली, बाहीवरून हात फिरवला.

"छान बसलाय तुम्हाला," ती म्हणाली.

त्यानंतर जिन्याखाली जे झालं त्याला पंचनामाच म्हणायला हवं. आधी मास्तर बोलले. म्हणाले, आजवर ज्या ज्या बाईनं घट्ट मागितलं ती ती पंधरवड्यात उसवून घ्यायला आली, म्हणून सवयीनं जरा माया ठेवली, दोन बोटं. मग मी बोललो. मग कॅप्टनला फोन लावला. तो म्हणाला, साहेब, गिऱ्हाईक नेहमी जुनी कंबर सांगतं, म्हणून मी आपलं प्रत्येकाच्या मापात थोडं वाढवूनच पाठवतो. किती? दोन बोटं. पण दर मापाला. अशी दोन दोन बोटं करत आम्ही तिघांनी मिळून एक अख्खा माणूस वाढवला होता, आणि उंचीतही वाढवला होता, म्हणून तो माणूस मी निघालो. कारखान्याला एकट्याला हे खटकलं होतं. त्यांनी विचारलंही होतं. आणि मी त्यांना इंग्रजीत गप्प बसवलं होतं.

हिनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे सगळ्यांनी काळजीच घेतली माझी," ती म्हणाली.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. मास्तर धावत जाऊन मशीन घेऊन बसले आणि सूट आत घ्यायला निघाले. चेन सोडवून मला बाहेर काढण्यात दुपार गेली, मग पहिल्या टाक्याला सुई मोडली, दुसऱ्याला जाड सुई मोडली, आणि मास्तर नुसतेच सुईच्या तुकड्याकडे बघत बसले. मी वर जाऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. मला मनापासून लाज वाटत होती. हिनं आयुष्यात एक गोष्ट मागितली होती, आणि ती मी सगळ्या गावाला सांगून, मिरवून, स्वतःच्या मापाची करून आणली होती.

"आपण मॅडमना सांगू," मी म्हणालो. "पुढं कुठंतरी दुसरा वर्ग निघेल."

"परवा बोट आहे ना?"

"अगं, पण सूट?"

"सूट आहे की," ती म्हणाली. "तुम्ही घाला. बोटीवर वारा असतो."

मी घातला. नाही म्हणायचा अधिकार मला उरला नव्हता. ठरलेल्या दिवशी सकाळी धक्क्यावर आम्ही दोघं उभे होतो. मी नवाकोरा काळा सूट घालून, आणि ही तलावावरचा तिचा नेहमीचा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घालून, केसांवर टोपी. मॅडमनी आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "यांतलं पाण्यात कोण उतरणार आहे?"

ही पुढे झाली. सूटाचं काय झालं ते मी सांगितलं, थोडक्यात, म्हणजे मॅडमनी मला थांबवेपर्यंत.

"सूटाशिवाय मी नेत नाही," मॅडम म्हणाल्या. "मागच्या वेळी काय झालं आठवतंय ना?"

"आठवतंय," ही म्हणाली. "मागच्या वेळी तुम्ही माझा हात बघितला होता. आजही हातच बघा. थरथरला तर लगेच वर आणा, मी एक अक्षर बोलणार नाही."

"पाणी गार आहे, ताई."

"तलावाचं याहून गार आहे. सूटाची वाट बघत रोज त्यातच बसत होते मी."

हे ती मला उद्देशून बोलली नव्हती, तरी मी समुद्राकडे बघायला लागलो. मॅडमनी वाकून पाण्यात हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग हिच्या कमरेच्या पट्ट्यातली शिशाची वजनं एकेक करून काढायला लागल्या. रबर अंगावर नसलं की माणूस आपोआप बुडतो, एवढं शिसं लागत नाही, असं त्या म्हणाल्या. वजनं काढतायत म्हणजे नेतायत, हे मला जरा उशिरा कळलं.

बोट थांबली. ही काठावर बसली, तोंडात नळी धरली, मास्कवर तळहात दाबला आणि पाठीवर पडली. पाणी उडालं आणि मिटलं. मग नुसते बुडबुडे.

बुडबुड्यांकडे बघत बसणं हे काम मी कुणावर येऊ देणार नाही. ते येत होते तोवर मी श्वास घेत होतो. ते जरा लांब गेले की मी उठून उभा राहायचो आणि सूट करकरायचा. नावाडी म्हणाला, "साहेब, तुमची पाळी कधी?" मी म्हणालो, माझी झाली. त्याला काही कळलं नाही. मला एवढंच आठवत होतं की मागच्या वेळी ती फार लवकर वर आली होती. या वेळी येत नव्हती. मला ती यायलाही हवी होती आणि यायला नकोही होती. माणसाला एकाच वेळी एवढं सगळं हवं असू नये.

मग पाणी फुटलं. आधी मॅडमचं डोकं आलं. त्यांच्या शेजारी पाण्यातून एक हात वर आला, नुसता हात, अंगठा आणि बोट जुळवून केलेला गोल. तो तसाच वर राहिला. मागे लाटा हलत होत्या, बोट हलत होती, मी तर सगळाच हलत होतो. तो हात मात्र जागचा हलला नाही.

"पास," मॅडम तोंडातली नळी काढून म्हणाल्या. "खाली पोचल्यापासून एकदाही थरथरला नाही. मी जरा जास्तच वेळ ठेवलं मुद्दाम."

आम्ही हिला बोटीत ओढून घेतलं. मी टॉवेल दिला. मग विचारलं, "काय होतं गं खाली?"

"वाळू होती," ती टोपी पिळत म्हणाली. "थोडे मासे होते. आणि कुणी काही सल्ला देत नव्हतं."

धक्क्यावर परत आलो तेव्हा तिथं बरीच माणसं जमली होती. खालचे काका आले होते, मास्तर आले होते, कॅप्टनसुद्धा दुकान बंद करून आला होता आणि डोळे बारीक करून उभा होता. बंदराचे एक अधिकारी बोटींची पाहणी करत होते. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं की शेवटच्या बोटीतून एक उमेदवार पास होऊन आलाय. ते हसत पुढे आले आणि माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवायला लागले. त्यांचा काय दोष? एवढ्या सुंदर सूटातला माणूस तिथं एकच होता.

"अभिनंदन," ते म्हणाले. "या वयात म्हणजे कमालच आहे."

असं कौतुक माझ्या वाट्याला फारसं येत नाही. इतर कुठलाही दिवस असता तर मी ते घेऊन, घरी नेऊन, नीट जपून ठेवलं असतं. पण मी त्यांचा हात सोडला नाही. तसाच धरून दोन पावलं पुढं नेला आणि टॉवेल गुंडाळून उभ्या असलेल्या माझ्या बायकोच्या हातात दिला.

"मी नुसता बोटीत होतो," मी म्हणालो. "खाली या गेल्या होत्या."

ते गडबडले. त्यांनी हिच्याकडे बघितलं, हातातल्या हाताकडे बघितलं. "अहो, यांचा हात केवढा गार आहे," ते म्हणाले.

"गार आहे," मी सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो. "पण हलतोय का बघा."